बालविभागाच्या कुलपाबद्दल : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालय, सोलापूर.

विषय : तळमजल्यावरची बालविभागाची खोली बंद केल्याबाबत.

स.न.वि.वि.

वाचनालयाचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. आपल्याला ते ठाऊक आहे आणि आपल्या सभासदांना दोन ओळींत कळेल. बाकीच्यांनी आपापल्या पेठेतल्या वाचनालयाचं नाव घालून वाचलं तरी माझी हरकत नाही. याच विषयावर मी आधी दोन साधे अर्ज दिले होते. दोन्हींच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला. शिक्का छान उमटलाय. उत्तर मात्र आलं नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

झालं ते असं. पावसाळ्याच्या तोंडावर 'शांतता राखा' या पाटीखाली एक कागद चिकटवला गेला : बालविभाग पुढील सूचनेपर्यंत बंद, सदर जागेत स्पर्धा परीक्षा अभ्यासिका सुरू करण्यात येत आहे. आठवड्याभरात खोलीतली बुटकी कपाटं बाहेर निघाली, पुस्तकं पोत्यांत भरून जिन्याखाली गेली आणि रद्द करायच्या पुस्तकांची यादी फलकावर लागली. यादीच्या शेवटच्या रकान्यात कारणं होती. 'जीर्ण'. 'मागणी नाही'. आणि एका पुस्तकापुढे, 'जादूटोणाविषयक'.

ते पुस्तक मी ओळखते. त्याच्या मागच्या पानावरच्या तारखांपैकी निम्म्या माझ्या नावावरच्या आहेत. त्या पुस्तकाबद्दल आणि ते लिहिणाऱ्या बाईंबद्दल सांगितल्याशिवाय माझी तक्रार नीट मांडता यायची नाही. तेव्हा थोडा वेळ द्या.

आधी माझं सांगते. वडील पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी. आम्ही तिघी बहिणी, मी मधली. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खटखटाट रात्री उशिरापर्यंत भिंतीतून यायचा. चौथीत असताना शाळेतल्या बाईंनी वाचनालयाचा फॉर्म हातात ठेवला आणि मी पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. आवाज म्हणावा तर पंख्याची कुरकुर तेवढी. कपाटं माझ्या खांद्याएवढी, म्हणजे सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तकही कुणाला न विचारता काढता यायचं. तिथं तेलुगूत बोललं तर कुणी हटकत नव्हतं आणि मराठी चुकलं तर कुणी हसत नव्हतं. मी मराठी शाळेत शिकले असं दाखला सांगतो. खरं तर मी ती त्या खोलीत, फरशीवर पालथं पडून शिकले. आज मी एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते, आणि शनिवारी दुपारी आमच्या गल्लीतली पोरं घेऊन त्याच खोलीत गोष्ट सांगायला बसत होते. होते.

तर ते पुस्तक. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा ते देणगीच्या गठ्ठ्यातून आलं. इंग्रजी होतं, वर चित्र होतं, म्हणून कुणीतरी ते बालविभागात टाकलं. 'हाउल्स मूव्हिंग कॅसल', लेखिका डायना विन जोन्स, पहिली आवृत्ती १९८६ ची. शब्दकोश शेजारी घेऊन मी त्याला अख्खी उन्हाळी सुट्टी लावली. गोष्ट तीन बहिणींतल्या थोरलीची, सोफीची. ती राहते त्या देशात परीकथा खऱ्या असतात आणि परीकथेत थोरलीचं कधीच भलं होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तिलाही. म्हणून ती काही मागत नाही. वडिलांच्या टोप्यांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून टोप्या सजवते आणि एकटेपणात त्या टोप्यांशी बोलते. ती ज्या टोपीला जे म्हणते ते ती टोपी घालणाऱ्याच्या बाबतीत खरं होत जातं. हे गावाला कळतं, तिला कळत नाही. पुढे एक चेटकीण तिला म्हातारी करून टाकते, आणि म्हातारी झाल्यावर मात्र तिची जीभ सुटते.

आमच्या घरातली थोरली म्हणजे अक्का. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि मांडीवर विड्या वळायचं सूप आलं. मी वाचलेलं रोज रात्री तिला तेलुगूत सांगायची. ती पानं कातरता कातरता ऐकायची आणि मी थांबले की विचारायची, "तर्वात एमैंदी?" म्हणजे पुढं काय झालं. आपल्या बोलण्यात काहीतरी आहे हे सोफीच्या लक्षात येतं, त्या जागी आले तेव्हा अक्काचा हात थांबला. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबात मिळते, त्यात हात थांबणं म्हणजे काय, हे पूर्व भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

म्हणून मी या लेखिकेच्या मागे लागले. मिळेल तिथून वाचत गेले. जे कळलं ते आपण ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण आपल्या नोटिशीशी त्याचा थेट संबंध आहे.

डायनाचा जन्म १९३४ चा, लंडनमधला. ती पाच वर्षांची असताना महायुद्ध सुरू झालं आणि शहरातल्या मुलांना सुरक्षित जागी पाठवण्याच्या धांदलीत तीही आधी वेल्समध्ये, मग इंग्लंडच्या उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टमध्ये जाऊन पोहोचली. तिथं योगायोगानं दोन मोठे बालसाहित्यकार शेजारी होते. आर्थर रॅन्सम यांनी पोरांच्या गोंगाटाची तक्रार केली. सशांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटर यांनी तर फाटकावर झोके घेतले म्हणून डायनाच्या धाकट्या बहिणीला चापट मारली. आपल्या फाटकाला लोंबकळणाऱ्या पोरांना हाकलायला नेमलेल्या वॉचमनचा मला कधीकधी राग येतो. हा किस्सा आठवला की थोडा निवळतो.

युद्धाच्या काळातच हे कुटुंब एसेक्समधल्या थॅक्स्टेड या गावी आलं. आईवडील शिक्षक, त्यांनी एका मोठ्या घरात तरुणांसाठी शिक्षणकेंद्र चालवायला घेतलं. शिबिरं, व्याख्यानं, चर्चा, सगळं तिथं व्हायचं. बाहेरून येणाऱ्यांसाठी मोठं घर होतं. स्वतःच्या तीन मुलींना मात्र अंगणापलीकडच्या दोन खोल्यांच्या ओलसर, थंड आडोशात काढलं होतं. तिथं ऊब नव्हती, आणि मुख्य म्हणजे पुस्तकं नव्हती. वडिलांनी रॅन्समच्या पुस्तकांचा अख्खा संच आणला होता खरा, पण तो कुलपात. दर नाताळाला त्यातलं एक पुस्तक बाहेर निघायचं, तेही तिघींत मिळून एक. आठव्या वर्षी तिनं आपण लेखक होणार असं घरी सांगितलं तेव्हा आईवडील हसले होते. पुढे बहिणींना वाचायला काही नाही म्हणून तीच वह्यांमागून वह्या भरून लिहायला लागली आणि रोज लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायला लागली. त्या बहिणीही 'पुढं काय झालं' असंच विचारत असणार.

अध्यक्ष महोदय, मोठ्यांच्या शिक्षणासाठी पोरांना अंगणापलीकडे काढणारं हे घर मला आपल्या नोटिशीत दिसलं. त्या घरात वाईट माणसं नव्हती. शिक्षणावर विश्वास असणारी, समाजासाठी राबणारी माणसं होती. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

हे सगळं मी आपल्यातल्या एका सदस्यांना जिन्यात गाठून सांगितलं होतं. ते हसून म्हणाले, "म्हणजे बघा, पुस्तकं नसली तरी लेखक व्हायचा तो होतोच की!" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देते. त्या तीन बहिणींतली दुसरी इसोबेल आर्मस्ट्राँग इंग्रजी साहित्याची नामवंत प्राध्यापक झाली आणि तिसरी अर्सुला अभिनेत्री आणि लेखिका झाली, हे खरं आहे. पण त्या घरात ऐपत होती, दानत नव्हती. कुलपात का होईना, कपाट होतं. डायना १९५३ मध्ये ऑक्सफर्डला गेली. तिथं 'नार्निया'च्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुइस खच्चून भरलेल्या सभागृहात व्याख्यान द्यायचे, आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टॉल्किन फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचे. पुटपुटणं समजून घ्यायला टिकून राहिलेल्या थोड्यांत ती होती. आमच्या गल्लीत यातलं काय आहे? आमच्याकडे कुलूपबंद कपाटही नाही, तुमची खोली होती. आणि त्या बाईंनी बापाच्या कंजुषीचे आभार कधी मानले नाहीत. तिच्या गोष्टी वाचा. स्वतःत गुरफटलेले, मुलांच्या वाट्याचं दडपून ठेवणारे मोठे लोक त्यात पुन्हा पुन्हा भेटतात आणि त्यांच्या तावडीतून पोरांना आपलं आपण सुटावं लागतं. उपाशी राहिलेला माणूस पुढे उत्तम आचारी झाला म्हणून कुणी खानावळ बंद करत नाही.

दुसरी तक्रार त्या 'जादूटोणाविषयक' या शेऱ्याची. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो यावा म्हणून झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. तो कायदा नरबळी, अघोरी प्रथा आणि लोकांना नाडणारे भोंदू यांच्यासाठी आहे. त्याचं पांघरूण रद्दीच्या यादीवर घालू नका. पुस्तक उघडून पाहिलं असतं तर आपल्या लक्षात आलं असतं की ही लेखिका भोंदूंची पक्की वैरी आहे. तिच्या 'चार्म्ड लाइफ' या १९७७ च्या कादंबरीत एक मुलगा आहे, आपल्यात काही दम नाही असं त्याला वाटतं, आणि त्याची बहीण त्याच्याच अंगची शक्ती त्याला न कळू देता वापरून मिरवत असते. बुवा भक्ताला कसा वापरतो हे दहा वर्षांच्या पोराला याहून सोपं करून कसं सांगणार? त्या पुस्तकाला इंग्लंडमध्ये 'गार्डियन' वृत्तपत्राचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. १९९६ साली तर तिनं अद्भुतकथांमधल्या घिशापिट्या गोष्टींचीच टर उडवणारं एक पुस्तक लिहिलं, प्रवाशांच्या मार्गदर्शिकेच्या थाटात. जादूवर आयुष्यभर लिहूनही जादूला न भुललेली बाई. २००७ मध्ये तिला जीवनगौरवाचा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये ती गेली. जाताना अर्धवट राहिलेली कादंबरी धाकट्या अर्सुलानं पुरी केली, ती २०१४ मध्ये आली. अंगणापलीकडच्या खोलीत गोष्ट ऐकणारी बहीण शेवटची गोष्ट सांगून गेली, हे मला फार आवडतं.

तिसरी तक्रार ऐकीव आहे, खोटी असेल तर मागे घेते. यादीवर चर्चा झाली तेव्हा 'असली पुस्तकं आपल्या मातीतली नाहीत' असं कुणीतरी म्हणालं म्हणे. सोलापूरच्या मातीत बसून? एक कुंभारकन्या आपले ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांच्याशी लग्न करायचं म्हणते, ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागतं. आणि दर जानेवारीत आपण सगळे पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांच्या मागे, सात नंदीध्वजांच्या मागे चालत जाऊन सम्मती कट्ट्यावर त्या लग्नाच्या अक्षता टाकतो. मीही टाकते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून टाकल्यात. मुलीचं लग्न काठीशी लागतं यात या गावातल्या एकाही पोराला नवल वाटत नाही. त्यांना टोप्यांशी बोलणारी मुलगी परकी वाटेल असं आपल्याला कशावरून वाटलं?

चौथं. पोती. जिन्याखाली ओल येते हे शिपायालाही माहीत आहे. वाळवी यादी वाचून पुस्तकं निवडत नाही, ठेवायची तीही खाईल.

पाचवं म्हणजे आपल्याकडे तेलुगू, कन्नड आणि उर्दू गोष्टींची मिळून एक फळी होती. एकच. तीही पोत्यात गेली. या शहरात घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी बोलणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. आणि मुलांसाठी नव्यानं आलं ते काय, तर सामान्यज्ञानाचे संच आणि थोरांचे सुविचार. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण सुविचार ऐकून 'पुढं काय झालं' असं कुणी विचारत नाही.

अभ्यासिकेलाही माझा विरोध नाही, हे ठळक अक्षरांत वाचावं. अक्काचा मुलगा भरतीची तयारी करतोय. घरात दोन खोल्या, त्यात सहा माणसं, चार-पाच दिवसांनी पाणी आलं की त्या दिवशी तर घराची विहीरच होते. तो महिना पैसे भरून खासगी अभ्यासिकेत बसतो. त्याला मी नोटीस दाखवली तेव्हा त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "पिन्नी (म्हणजे मावशी), वरचा हॉल वर्षभर रिकामाच असतो की." असतो. वार्षिक सभा, दोन-चार सत्कार आणि एखादी पुण्यतिथी सोडली तर त्या हॉलमध्ये फक्त खुर्च्या बसतात. शाली-श्रीफळांसाठी जागा राखून ठेवायची आणि जागा कमी पडली की आठ वर्षांच्या पोरांची काढून घ्यायची, हा हिशेब मला जमत नाही. हिशेब हा माझा धंदा आहे.

मागण्या सांगते. पोती याच आठवड्यात जिन्याखालून काढून पुस्तकं उन्हात सुकवावीत. पोती उचलायला, पुसायला आम्ही पंधरा-वीस जण येतो, मजुरी नको. अभ्यासिका वरच्या हॉलमध्ये न्यावी आणि तळमजल्यावरची खोली मुलांना परत द्यावी, त्याच बुटक्या कपाटांसकट. वरच्या मजल्यावर बालविभाग हलवू असं उत्तर कृपया देऊ नका. एकटी चालत येणारी लहान पोरं रस्त्यावरून दिसणाऱ्या दारातच शिरतात. यादी स्थगित करून, कुठलंही पुस्तक रद्द करण्याआधी ते पूर्ण वाचलेल्या माणसाचं दोन ओळींचं मत त्यापुढे लिहावं, म्हणजे कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते आपोआप कळेल. सरकारी अनुदानातून दरवर्षी जी पुस्तकं घेता त्यात मुलांच्या गोष्टींचा वाटा ठरवून द्यावा, आणि त्यात तेलुगू, कन्नड, उर्दू यावं. आणि महिन्यातून एकदा कुणीतरी लिहिणारं माणूस मुलांपुढे आणून बसवावं. भाषणाला नव्हे, मुलांचं ऐकायला.

या शेवटच्या मागणीचं कारण त्या रद्द झालेल्या पुस्तकातच आहे. डायनाबाई एका शाळेत गेल्या होत्या, तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला की 'चालता किल्ला' अशा नावाचं पुस्तक लिहा. पुस्तक तिथून निघालं. जपानच्या हायाओ मियाझाकींनी २००४ मध्ये त्यावर काढलेला सिनेमा जगभर गेला. मुळाशी काय, तर एका शाळेतल्या एका पोराचं एक वाक्य, आणि ते ऐकायला समोर बसलेली लेखिका. अर्पणपत्रिकेत तिनं हे कबूल केलंय. वर असंही लिहिलंय की त्या मुलाचं नाव तिनं लिहून घेतलं होतं, पण ते इतक्या सुरक्षित जागी ठेवलं की नंतर काही सापडेना.

यावरून आणखी एक मागणी राहिली, ती लिहून थांबते. बालविभागात सभासदांची एक जाड नोंदवही होती. निळ्या पुठ्ठ्याची, कडा झिजलेल्या. त्यात इतक्या वर्षांत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, इयत्ता, पत्ता आणि पालकाची सही आहे. माझ्या नावापुढे सहीच्या जागी आईचा अंगठा आहे. आई आता नाही, आणि तिचा अंगठा माझ्याकडे दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही. मागच्या आठवड्यात कार्यालयात त्या वहीची चौकशी केली, तर उत्तर मिळालं, "सुरक्षित ठिकाणी ठेवलीय, काळजी करू नका."

ते ठिकाण कुठलं, हे लेखी कळवावं.

आपली,
एक जुनी बालसभासद
पूर्व भाग, सोलापूर